गालावर उमटलेलं इन्सुलिन

लखनऊ छावणीशी पुण्याचं वैद्यकीय नातं आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे एएफएमसीतून, डॉक्टर होऊन बाहेर पडलेली मुलं-मुली लष्करात रुजू झाली की सैनिकी वैद्यकीचा पायाभूत अभ्यासक्रम करायला इथे येतात. आर्मी मेडिकल कोअरचं केंद्र आणि कॉलेज इथे आहे, 1963पासून मध्य कमांडचं मुख्यालय इथे आहे आणि त्या कमांडचं मोठं रुग्णालयही इथेच आहे. सकाळी पीटीला पळणारे जवान, क्वार्टर्समध्ये राहणारी त्यांची कुटुंबं आणि नोकरी संपवून याच शहरात घर केलेले माजी सैनिक, अशी तिन्ही प्रकारची माणसं या छावणीच्या आसपास सापडतात. चेहऱ्यावरच्या एका चिवट काळेपणाची गोष्ट सांगायची तर ती इथून सुरू करणं मला योग्य वाटतं. याचं कारण असं की लष्करात प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी होतेच. बाहेरच्या जगात हा काळेपणा घेऊन माणसं आधी ब्यूटी पार्लरमध्ये जातात.

समजा, सातारा जिल्ह्यातला एक सुभेदार आहे. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात भरती झाला, सीमेवर राहिला, वाळवंटात राहिला आणि आता पंचेचाळिशीत लखनऊला कार्यालयीन कामावर आहे. सकाळची पीटी पूर्वीसारखी होत नाही. सदर बाजारात चाट आणि मिठाईची दुकानं हाताशी आहेत. घरी पाहुणा आला की पूरी-भाजी होते आणि दिवसभरात साखरेचे पाच-सहा चहा होतात. वजन उंचीच्या तक्त्यात कसंबसं बसतं, त्यामुळे मेडिकलची धास्ती नाही. फक्त चेहरा बदललाय. गालांच्या हाडांवर, कानशिलांवर आणि कपाळाच्या दोन्ही कडांना मातकट तपकिरी छटा आली आहे. ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते नेमकं दाखवता येत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोत ती नाही. घरचे म्हणतात, राजस्थानातलं ऊन बाधलं. सुभेदारांनाही तसंच वाटतं.

डॉक्टर आधी चेहऱ्याकडे पाहत नाही. "सुभेदारसाहेब, वरचं बटण काढा, मान पुढे झुकवा." मानेच्या मागे त्वचा काळपट आणि जाडसर झालेली असते. बोट फिरवलं तर मखमली लागते आणि आडव्या रेघा ठसठशीत दिसतात. काखेतही तेच. मानेच्या बाजूला दोन-चार बारीक लोंबत्या चामखिळी असतात. मग डॉक्टर विचारतो, "काखेत ऊन कुठून पोचणार, साहेब?" आणि टेप घेतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडलेला असताना, पोटाचा घेर मोजायचा असतो. भारतीय पुरुषाला 90 सेंटिमीटर आणि स्त्रीला 80 सेंटिमीटर ही मर्यादा आहे. सुभेदारांचा आकडा 97 येतो.

या विकाराला वैद्यकात अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. मान, काख आणि जांघा ही त्याची नेहमीची ठिकाणं. भारतीय त्वचेवर तो चेहऱ्यावरही येतो आणि तिथे हमखास चुकीच्या नावाने ओळखला जातो. त्याला कुणी वांग म्हणतं, कुणी टॅन म्हणतं, कुणी नुसतं काळवंडणं म्हणतं. माझं सांगणं एवढंच आहे की गालावरचा हा डाग त्वचेत उगवत असला तरी त्याचं मूळ चयापचयात असतं. तो दिसल्यावर आरशापेक्षा टेप आणि रक्ततपासणी अधिक उपयोगाची.

चयापचय आणि त्वचा यांची ही सांगड शास्त्राला बऱ्याच उशिरा लागली. 1890च्या सुमारास पोलिट्झर आणि यानोव्स्की या दोन डॉक्टरांनी अशा त्वचेच्या पहिल्या नोंदी केल्या. पुढे कितीतरी वर्षं या लक्षणाकडे पोटातल्या कर्करोगाची खूण म्हणूनच पाहिलं गेलं. तसा प्रकार खरोखर असतो. उतारवयात, बारीक माणसाला, काही महिन्यांत झपाट्याने काळेपणा पसरला, तळहात जाड झाले, ओठांवर आणि तोंडात खरखरीत उंचवटे आले आणि वजन घटू लागलं, तर जठराच्या कर्करोगाचा शोध घ्यायलाच हवा आणि तोही लगेच. पण हा प्रकार दुर्मीळ आहे. आपल्याकडे दिसणारी बहुतेक प्रकरणं इन्सुलिनची असतात.

इन्सुलिनचा शोध 1921चा. पण रक्तात ते किती आहे हे मोजायची सोय पुढची जवळपास चाळीस वर्षं नव्हती. ती झाली न्यूयॉर्कमध्ये, ब्रॉन्क्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या दोघांनी किरणोत्सारी खुणेचा वापर करून रक्तातलं अतिसूक्ष्म इन्सुलिन मोजण्याची पद्धत काढली. तोवर बहुतेकांची समजूत अशी होती की मधुमेह म्हणजे इन्सुलिनची कमतरता. 1960मध्ये या दोघांनी दाखवलं की प्रौढपणी मधुमेह झालेल्या कित्येकांच्या रक्तात साखर प्यायल्यावर निरोगी माणसापेक्षा जास्त इन्सुलिन चढतं आणि ते जास्त वेळ चढलेलं राहतं. म्हणजे इन्सुलिन भरपूर होतं, पण शरीर त्याला दाद देत नव्हतं. यॅलो यांना 1977 साली नोबेल पारितोषिक मिळालं. बर्सन तोपर्यंत हयात नव्हते. त्याआधी वर्षभर, 1976मध्ये, अमेरिकेतल्या रोनाल्ड कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मोजक्या स्त्री-रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांच्या अंगावर ही काळी मखमली त्वचा होती आणि त्यांचं शरीर इन्सुलिनला कमालीचं बधिर झालेलं होतं. त्वचा आणि इन्सुलिन यांचं नातं तिथे पक्कं झालं.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. जेवणानंतर रक्तात साखर चढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि त्या साखरेतला मोठा हिस्सा स्नायू उचलतात. पोटाच्या आत, यकृतात आणि स्नायूंत चरबी साचत गेली की हे उचलणं मंदावतं. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवतं. हे वर्षानुवर्षं चालू शकतं. या काळात उपाशीपोटीची साखर मोजली तर रिपोर्ट नॉर्मल येतो. माणूस निश्चिंत होतो आणि आत इन्सुलिन मात्र रात्रंदिवस वर असतं.

ते वाढीव इन्सुलिन त्वचेपर्यंतही पोचतं. साखर उचलण्याच्या कामात पेशी बधिर झाल्या तरी वाढीचा निरोप ऐकण्यात त्या बधिर होत नाहीत, आणि सगळी गोम इथेच आहे. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींवर आयजीएफ-1 या वाढीच्या संप्रेरकासाठी ग्राहक असतात. इन्सुलिनची रेणूरचना त्याच्याशी मिळतीजुळती असल्यामुळे, ते खूप प्रमाणात असलं की या ग्राहकांवरही जाऊन बसतं. शिवाय आयजीएफ-1ला रक्तात बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृत कमी बनवू लागतं, त्यामुळे मोकळं आयजीएफ-1ही वाढतं. त्वचेच्या पेशी भराभर विभागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर वरचा थर नऊवारीच्या निऱ्यांसारखा दुमडून दुमडून उभा राहिलेला दिसतो आणि त्यावर मृत पेशींचा जाड पापुद्रा असतो. काळेपणा आहे तो मुख्यतः या जाडीचा आणि दुमडींचा. रंगद्रव्याचा वाटा त्यात लहान असतो. रंग उजळवण्याची मलमं इथे का हरतात ते यावरून कळतं. घासूनही तो जात नाही. उलट घासण्याने त्वचा आणखी जाड होते, आणि चेहऱ्यावर तर घासल्याजागी नवा काळेपणा उमटतो.

चढलेलं इन्सुलिन एवढ्यावर थांबत नाही. स्त्रियांमध्ये ते अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं, आणि त्या संप्रेरकांना बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी बनतं. मग हनुवटीवर राठ केस येतात, पाळी लांबते, जबड्याच्या रेषेवर पंचविशी-तिशीतही पुटकुळ्या येत राहतात. पीसीओएस म्हणून आज घरोघरी माहीत झालेल्या अवस्थेत हे सगळं एकत्र दिसतं. तैलग्रंथींनाही आयजीएफ-1चा निरोप पोचतो आणि त्या जास्त तेल सोडतात. मुरुमांचं वय आणि शरीरात आयजीएफ-1 सर्वात जास्त असण्याचं वय एकच असतं, ते यामुळेच. इस्रायलच्या झ्वी लारोन यांनी वर्णन केलेल्या एका जन्मजात विकारात आयजीएफ-1 जवळजवळ बनतच नाही. त्या लोकांना मुरुमं क्वचितच येतात.

"मुरुमांचा आणि खाण्याचा काही संबंध नाही" असं डॉक्टर मंडळी कित्येक दशकं ठामपणे सांगत होती. 2002 साली लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या 1200 लोकांची नोंद प्रसिद्ध केली. कंद, फळं, नारळ आणि मासे खाणाऱ्या त्या लोकांत मुरुमांचा एकही रुग्ण सापडला नाही. एका बेटावरून साऱ्या जगाबद्दल बोलता येत नाही, हे खरं. पण 2007मध्ये ऑस्ट्रेलियात 43 तरुणांवर 12 आठवड्यांचा प्रयोग झाला. ज्यांनी रक्तातली साखर हळूहळू चढवणारं आणि प्रथिनं जास्त असलेलं जेवण घेतलं, त्यांच्या पुटकुळ्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाल्या, वजन उतरलं आणि इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुधारली. मैदा, साखर आणि गोड शीतपेयं यांच्याबद्दल आज त्वचारोगतज्ज्ञ रुग्णाशी बोलतात, ते अशा कामांमुळे.

इथे कुणीही विचारील की सुभेदार काही लठ्ठ नव्हते, तक्त्यात बसत होते, मग त्यांना हे का? याचं उत्तर पुण्याने दिलं आहे, आणि ते जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत गेलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो होतं. आपली बाळं उंचीला, स्नायूंना आणि पोटातल्या अवयवांना कमी भरली, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्यांनी जवळजवळ तेवढीच राखलेली होती. याज्ञिक यांच्याच 2002च्या अभ्यासात तर जन्मतः नाळेच्या रक्तातही भारतीय बाळांमध्ये इन्सुलिन जास्त आढळलं. बारीक दिसणारी पण आत चरबी बाळगणारी ही शरीराची घडण आईच्या पोटातच सुरू होते.

2004 साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक यांचं आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचं शेजारी-शेजारी उभं असलेलं एक छायाचित्र छापून आलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, अगदी आदर्श. दोघं पांढऱ्या शर्टात, अंगाने सारखेच वाटणारे. आतली चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. स्वतःच्याच शरीराचा आकडा साऱ्या जगापुढे ठेवणाऱ्या या मराठी डॉक्टराबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्या एका छायाचित्राने जे समजावलं ते शंभर पानी अहवालाने समजलं नसतं. वजनकाटा आपल्याबाबतीत पुरेसा नाही. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय 25वरून 23वर आणली गेली आणि पोटाच्या घेराला महत्त्व आलं. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे 2023मध्ये आलेले आकडे 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे असे आहेत. उंबरठ्यावरच्या या माणसांपैकी पुष्कळांना आपण तिथे उभे आहोत याची कल्पनाच नसते. त्यांच्यातल्या काहींच्या मानेवर आणि गालावर मात्र ते उमटलेलं असतं.

चेहऱ्यावरचा प्रत्येक काळेपणा इन्सुलिनचा असतो असं अजिबात नाही. वांग वेगळा. तो गालांच्या पुढच्या भागावर, वरच्या ओठावर आणि कपाळाच्या मध्यावर येतो. त्याची कड बऱ्यापैकी स्पष्ट असते, त्वचा जाड झालेली नसते, आणि ऊन, गरोदरपण, संततिनियमनाच्या गोळ्या यांनी तो वाढतो. उत्तर भारतात आणखी एक प्रकार आढळतो. त्यात चेहरा आणि मान राखट निळसर पडतात. त्याचा संबंध अंगाला चोळायच्या मोहरीच्या तेलाशी आणि केसांच्या आवळा तेलाशी जोडला गेला आहे. महाराष्ट्रातून लखनऊला बदलून आलेल्या कुटुंबात खोबरेलाची जागा मोहरीचं तेल घेऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी तेलाची चौकशी करायलाच हवी. केसांचा कलप, कुंकवातले आणि अत्तरातले घटक हीही कारणं असतात. पण गालाच्या हाडावरची छटा, मानेवरची जाडी आणि वाढलेला पोटाचा घेर असं त्रिकूट एकत्र दिसलं, तर संशय इन्सुलिनवर जातो.

आणि इथेच सर्वात मोठं नुकसान होतं, कारण माणसं डॉक्टरकडे पोचेपर्यंत चेहऱ्यावर एक मलम लावून झालेलं असतं. लखनऊचेच त्वचारोगतज्ज्ञ अबीर सारस्वत आणि देशभरातले त्यांचे सहकारी यांनी 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइडचं मलम लावत होते. त्यांतले 126 जण ते गोरं होण्याची क्रीम किंवा दाढीनंतरचं मलम म्हणून वापरत होते, आणि 433पैकी निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टरने सांगितलेलंच नव्हतं. मेडिकलवाल्याने दिलं, मैत्रिणीने सुचवलं, शेजारणीच्या जुन्या चिठ्ठीवरून आणलं, असा प्रकार. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, म्हणून माणूस खूश होतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या उठतात, मलम थांबवलं की आग होते, आणि ती शमवायला पुन्हा तेच मलम. 2018मध्ये सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. काउंटरवर तो किती पाळला जातो हे तुम्ही तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाहू शकता. ज्या चेहऱ्याने आतल्या बिघाडाची बातमी दिली त्यालाच असं जाळून टाकणं मला अतिशय क्लेशदायक वाटतं. रंगावरून लग्न ठरवणाऱ्या, काळ्या मुलीच्या आईला सल्ले देत सुटणाऱ्या आपल्या समाजाचा यात थेट हात आहे.

मग सुभेदारांनी करायचं काय? उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए1सी, रक्तातली चरबी, रक्तदाब आणि यकृताची तपासणी. घरात मधुमेह कुणाला आहे हेही सांगायचं. उपाशीपोटीची साखर नॉर्मल आली म्हणून तिथे थांबायचं नाही. थायरॉइड बिघडलेली नाही ना आणि काळेपणा वाढवणारं एखादं औषध चालू नाही ना, हेही डॉक्टर पाहतात. त्यानंतरचा उपाय छावणीत राहणाऱ्याला नवा नाही. स्नायू हेच साखर उचलणारं सर्वात मोठं ठिकाण असल्यामुळे नुसतं चालण्याबरोबर जोर, बैठका आणि वजनं उचलणंही हवं. चहातली साखर, पूरी आणि जिलेबी कमी करून ताटात डाळ, उसळ, अंडी आणि भाज्या वाढवायच्या. भाकरी पौष्टिक खरी, पण चार भाकऱ्या खाल्ल्या तर त्या चारच मोजायला हव्यात. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी 2006मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी राहणी बदलल्यावर तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या औषधाने 26.4 टक्क्यांनी घटलं. म्हणजे व्यायाम आणि जेवण हे गोळीच्या तोडीचं औषध आहे. काही रुग्णांना डॉक्टर मेटफॉर्मिनही देतात. त्वचेसाठी रेटिनॉइडची मलमं जाडी उतरवायला मदत करतात. ती रात्री अगदी थोडी लावायची, दिवसा सनस्क्रीन लावायचं, आणि गरोदर स्त्रीने ती वापरायची नाहीत.

किती दिवसांत उतरेल, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. आठवड्यांत नाही, महिन्यांत. पोटाचा घेर कमी झाला की आधी मानेवरची मखमली जाडी उतरते. चेहऱ्यावरची छटा मागाहून आणि हळू फिकी होते, कधी थोडी राहूनही जाते. सेवानिवृत्तीनंतरची वर्षं या बाबतीत सर्वात धोक्याची असतात. सैनिक बाकीच्यांपेक्षा तरुण वयात घरी येतो, पीटी एका दिवसात बंद होते आणि ताट मात्र बराकीतलंच राहतं.

हा काळेपणा मुलांमध्येही दिसतो आणि तिथे त्याची फार क्रूर समजूत करून घेतली जाते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मानेवर काळ्या रेघा आल्या की शाळेत बाई म्हणतात, आंघोळ करत नाहीस का? आई वज्रीने घासते, लिंबू लावते, हळद-दुधाची साय लावते. मान लाल होते, खरचटते, काळी ती काळीच राहते, आणि पोरगं शर्टाची कॉलर वर ओढून वर्गात मागच्या बाकावर बसतं. त्याची मान मळलेली नाही, त्याचं इन्सुलिन चढलेलं आहे. आजी-आजोबांना मधुमेह असेल, मुलाचा दिवस स्क्रीनपुढे आणि बिस्किटांच्या पुड्यावर जात असेल, तर त्याला बालरोगतज्ज्ञाकडे न्यावं, साखर तपासावी आणि संध्याकाळी मैदानावर पाठवावं. या वयात शरीर फार लवकर वळतं. बाईंनाही एकदा शांतपणे सांगून यावं.